अकराव्या आदेशाखाली पाहणी

मंगळवार, दुपारी तीन,
चिक्कोडीत मठद वकिलांच्या माडीवर.
कोर्टाने तारीख दिली, वेळ दिली,
झेरॉक्सचा खर्च वादीने सोसावा असंही लिहिलं.
शिंका कुणी सोसाव्यात, ते राहिलं.

निपाणीच्या वखारीतून आलेल्या एकोणीस वह्या.
पहिलीचा दोरा सोडला
आणि पन्नास वर्षांपूर्वीची तंबाखू
खोलीत उठून बसली.
मी शिंकले. मठद शिंकले.
त्यांचा कारकून खिडकी उघडायला गेला, शिंकतच.
दावा लागल्यापासून दोन्ही पक्षांनी
मिळून केलेलं हे पहिलं काम.

दावा साधा आहे.
मुतगेकर आणि हत्तरगी, भागीदारी पेढी.
दोघेही गेले, आता मुलगे भांडतात
कुणाकडून कुणाचं किती निघतं.
माझे अशील मुतगेकर.
त्यांना जमेची बाजू हवी,
खर्चाची पानं भराभर उलटा म्हणतात.

वही भराभर उलटत नाही.
बहात्तरपर्यंत मोडी, मग मुनीम बदलला, मग कन्नड.
मोडीसाठी मी आणलेत दाजिबा सायनेकर,
भूमापन कचेरीतून निवृत्त,
वाचताना ओठ हलतात, आवाज मागून येतो.
कन्नडसाठी त्यांचा चन्नबसू.
मधे मी, पिवळ्या चिठ्ठ्या घेऊन.
ह्या मुलखात कागद एका भाषेत जन्मतो,
दुसरीत मोठा होतो
आणि साक्ष द्यायची वेळ आली
की त्याला तिसरी शिकवावी लागते.

चार वाजून गेल्यावर दाजिबा थांबले.
"हितनं अंगठा बदललाय बघा, बाई."
कुणाचा?
"गिरिजव्वा म्हणून हाय. आठवड्याची मजुरी चार रुपये.
आषाढापर्यंत उजवा. हितनं डावा.
तीस वर्षं अंगठेच घेतलेत की मी."

भिंग फिरवलं.
रेषा खरंच दुसरीकडे कलल्या होत्या.
रक्कम आता दोन रुपये.
कामाच्या रकान्यात काम नाही,
'ठरल्याप्रमाणे' एवढंच.
निम्मे मुतगेकर खाती, निम्मे हत्तरगी.
आणि त्याच शनिवारी, दोन ओळी वर:
चुरणीच्या मशीनचं पातं, नवीन,
सव्वीस रुपये.

चन्नबसूने न सांगता पुढची वही ओढली.
मुनीम बदलला होता, लिपी बदलली होती,
दर शनिवारी दोन रुपये, डावा अंगठा,
अकरा वर्षं.
मग एका शनिवारी नाही.
त्यानंतर कधीच नाही.

अशील माझ्या कानाशी आले:
मॅडम, हे आपल्या दाव्यात कुठं बसतंय?
बसत नव्हतं. मी चिठ्ठी लावली.
मठदांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
चहा सांगितला.

पुढे कोर्टाच्या परवानगीने प्रश्नावली दिली.
प्रश्न सतरावा:
गिरिजव्वा कोण, आणि तिला रक्कम कशापोटी?
त्याच आठवड्यात मठदांची प्रश्नावली आली.
त्यांचा नववा प्रश्न तोच होता,
आम्ही ह्यावर कधी बोललो नव्हतो.

दहा दिवसांत शपथेवर उत्तरं.
हत्तरगी म्हणाले, गोत्तिल्ला.
मुतगेकर म्हणाले, ठाऊक नाही.
मुतगेकरांचं मीच टाइप केलं,
परिच्छेद नऊ, पूर्णविराम देऊन.
मग त्यांनी सही केली, उजव्या हाताने,
छान वळणदार.

न्यायाधीशांनी मुद्दे काढले, एकूण सात.
ह्या बाबतीत उभयपक्षी वाद नाही,
म्हणून मुद्दा नाही.

निकाल व्हायचाय.
वह्या कोर्टाच्या कपाटात आहेत, निशाणी त्रेचाळीस.
चिठ्ठी अजून पान दोनशे सहावर असावी,
तिचा डिंक फार टिकत नाही म्हणतात.
परवा दुसऱ्याच कुठल्या कामासाठी
बेलीफने ते कपाट उघडलं
आणि बाहेर ओसरीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांना
त्याची शिंक ऐकू आली.